उपाध्यक्षांच्या नावाखालचा हौद

आमचे नगराध्यक्ष एका लग्नासाठी पुण्याला गेले आणि येताना वन-वे घेऊन आले. परतल्यावर पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं, आपल्या पेठेतही वाहतूक एकाच दिशेनं गेली पाहिजे. सभेनं टाळ्या वाजवल्या. तेव्हा निम्मे सभासद बैलगाडीतून घरी जात.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव साखर कारखान्यामुळे अंगानं भरत होतं. पेठेत जीपगाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, फटफट्या आल्या. बैलगाड्या आणि टांगे होतेच. त्यांना कुणी जा म्हटलं नव्हतं. बाजारच्या दिवशी सगळे एकमेकांसमोर उभे राहून दुसऱ्यानं मागं जावं म्हणून वाट पाहत.

मी पालिकेच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायला होतो. पेठेचा मोठा नकाशा माझ्याकडे आला. रस्ते, बोळ, दुकानं सगळं दोन आठवड्यांत शाईनं उठवलं, आणि मग खरं काम सुरू झालं: कोपऱ्यातली नावांची चौकट. अध्यक्ष, उपाध्यक्ष, मग ज्येष्ठतेनुसार सभासद. कुणाचंही अक्षर कुणाहून बारीक नको, अशी ओव्हरसियरसाहेबांची सक्त ताकीद. फक्त अध्यक्षांचं थोडं मोठं. त्यावर उपाध्यक्षांनी निरोप धाडला, की थोडं म्हणजे किती ते ठरवून सांगावं. शेवटी दोघांचं सारखंच केलं. चौकट वाढत वाढत पेठेच्या दक्षिण टोकावर जाऊन बसली, आणि तिच्याखाली टांग्यांचा अड्डा, त्यावरचा कडुनिंब आणि घोड्यांचा पाण्याचा हौद गडप झाला. मला ते दिसत होतं. पण तिथं काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे कागदावर नसलं तरी चालेल असं मला वाटलं.

वन-वेसाठी नेमलेल्या समितीला मात्र कागदच ठाऊक होता. तिला जीपगाड्या लावायला मोकळी जागा हवी होती, आणि अख्ख्या नकाशात घरादारांच्या रेघा नसलेला एवढा एकच तुकडा होता. ओव्हरसियरसाहेबांनी चौकटीकडे बाण काढून लिहिलं, ‘जीप पार्किंग’. टांगे कुठं तरी असतील, ते जकात नाक्याबाहेर जावेत असं ठरलं. नाक्याबाहेर ना झाड, ना पाणी.

नकाशा हरकतींसाठी पालिकेच्या व्हरांड्यात लागला. तिसऱ्या दिवशी अड्ड्यावरचे सर्वांत जुने टांगेवाले चाचा आले. बराच वेळ बोट फिरवून त्यांनी विचारलं, “बाबूसाहेब, आमचा अड्डा कुटं हाय?”

“उपाध्यक्षांच्या खाली.”

त्यांनी नावाजवळ डोळे नेले. “लई दाबून बसलेत.” मग म्हणाले, “नाक्याबाहेर उन्हात घोडं किती दिवस उभं ऱ्हाईल? मी बसंन कसाबी. त्याचं काय?”

हरकत लेखी द्यायची होती. चाचांना लिहिता येत नव्हतं, म्हणून माझ्याच नकाशाविरुद्धचा अर्ज मी लिहिला. चांगला खरमरीत लिहिला. नकाशातल्या चुका माझ्याइतक्या कुणाला माहीत होत्या?

अर्ज आला म्हणजे जागेची पाहणी आली. पालिकेची जीप रिवाजाप्रमाणे दुरुस्तीला होती. चाचा टांगा घेऊन दारात हजर. पुढे चाचांशेजारी अध्यक्ष, मागे ओव्हरसियरसाहेब आणि नकाशाची गुंडाळी धरून मी. नव्या वन-वेप्रमाणे धान्यबाजाराच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. घोडा उजवीकडे वळला, सरळ हौदाशी गेला आणि पाण्यात तोंड घातलं.

“अहो, मागं घ्या त्याला!” ओव्हरसियरसाहेब ओरडले.

“त्याला रिव्हर्स न्हाई, साहेब.”

घोडा निवांत पाणी पीत होता. भोवती माणसं जमली. “अध्यक्षांना तहान लागली का हो?” कुणीतरी विचारलंच. अध्यक्ष तोंड फिरवून हौदाकडे बघू लागले. हौदाला एक दगडी पाटी होती. एरवी तिच्यावर बोटभर शेवाळ असे. त्या दिवशी ती ताटासारखी घासलेली होती. अध्यक्षांनी वाचली. पुन्हा वाचली.

“हा हौद आमच्या आजोबांनी बांधला?”

“व्हय तर,” चाचा म्हणाले. “पाटी लावली तवा पेढे वाटल्ते. मीबी खाल्लाय.”

“नकाशात कुठं दाखवलाय?”

मी गुंडाळी उलगडली आणि बोट ठेवलं. अध्यक्षांनी बोटाखालचं नाव वाचलं.

“आमच्या आजोबांच्या डोक्यावर हे?”

पाहणी तिथंच संपली. अड्डा जागेवर राहिला, जीपगाड्यांना जुन्या कोंडवाड्याचं पटांगण मिळालं. गावातल्या सुट्या जनावरांच्या जागी त्यांची सोय झाली. नावांची चौकट मी गावाबाहेरच्या माळावर हलवली. तिथं खरोखरच काही नव्हतं.

त्या दिवशी पाहणीहून परतताना मी चाचांना हळूच विचारलं, “घोडा वळला की वळवला?”

“त्याची रोजची वाट हाय ती.”

“आणि पाटी?”

“ती बी त्यानंच घासली म्हना,” ते म्हणाले आणि विडी पेटवून गालात हसले.

नवा नकाशा व्हरांड्यात लागल्यावर चाचा पुन्हा आले. अड्डा पाहिला, हौद पाहिला, झाड पाहिलं. “समदं हाय. घोडा तेवढा न्हाई.”

नकाशात घोडे दाखवायची पद्धत नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते “बरं” म्हणाले, पण जाईनात. शेवटी मी टाक आणला आणि हौदाच्या काठाशी एक ठिपका दिला. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि समाधानानं गेले.

पुढच्या आठवड्यात ओव्हरसियरसाहेबांनी ठिपक्यावर बोट ठेवलं. “हे काय?”

“दिव्याचा खांब,” मी म्हणालो.

वर्षभरात तिथं खरोखर खांब बसला. नकाशात होता ना.