मामाच्या वाटणीची मतं

माझी बाराखडी पत्रकांवर झाली. सीमाभागातल्या शहापुरात आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत पायानं चालणारं एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या केशी आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली सुतळी. तिच्यावर ओली पत्रकं वाळत. छापताना खराब झालेले कागद माझ्या वह्या व्हायचे. मागच्या कोऱ्या बाजूला मी कमळ, बदक गिरवायची आणि पान उलटलं की समोर ‘जागे व्हा!’, ‘आता माघार नाही!’ किंवा ‘मूळव्याध मुळापासून घालवा!’ उद्गारचिन्हाशिवायही वाक्य संपू शकतं, हे मला पाचवीत गेल्यावर कळलं. पटलं अजून नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कुणाचंही पत्रक छापत. सीमाप्रश्नाच्या दोन्ही बाजूंचं, युनियनचं, युनियनविरुद्ध मालकाचं, हरवलेल्या म्हशीचं. मतं गिऱ्हाइकाची, शाई आपली, असं त्यांचं म्हणणं. एक सवय मात्र त्यांनी कुणासाठी सोडली नाही. शंभर प्रती सांगितल्या की ते एकशे पाच द्यायचे. वरच्या पाच वेगळ्या कागदात गुंडाळून, न मागता, फुकट. लग्नपत्रिकांमुळे ही सवय लागलेली.

“लगीन म्हटलं की एक मामा विसरतोयच,” ते म्हणायचे. “ऐनवेळी त्याला काय देतासा? म्हणून मामाच्या वाटणीच्या ह्या पाच.”

माझा सख्खा मामा निपाणीला असायचा. हे आपल्यालाच उद्देशून आहे असं त्याला वाटायचं, आणि दर लग्नसराईत तो एकदा तरी रुसायचा.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि देशातला एकही प्रश्न माझ्या पत्रकाशिवाय सुटणार नाही अशी माझी खात्री होती. तेव्हाच आमच्या भागातल्या विणकर सोसायटीची निवडणूक लागली. चेअरमन चौदा वर्षं खुर्चीत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. या खेपेला एका तरण्या विणकरानं त्यांच्याविरुद्ध अर्ज भरला, तेव्हा अण्णांनी त्याला बोलावून चहा पाजला आणि विचारलं, “तुला घरात कोण टाकून बोलतंय काय रं?”

मतपत्रिका आमच्याकडेच छापल्या. वर मराठी, खाली कन्नड. चिन्हांचे ठोकळे आमच्याकडे नव्हते, म्हणून आप्पांनी लग्नपत्रिकेचे वापरले. अण्णांना कलश, तरण्याला समई. मतपत्रिका बघून माझी आई म्हणाली, “ह्यात मुहूर्त तेवढा घालायचा ऱ्हायलाय.”

मतदान झालं, मोजणी झाली. अण्णा थोडक्यात निवडून आले. हार गळ्यात पडला आणि मग सहकार खात्याकडून आलेले निवडणूक अधिकारी घामाघूम होऊन पेटीकडे बघत बसले. वहीत मतदारांच्या जितक्या सह्या, त्याच्यापेक्षा पेटीत मतं तेवीस जास्त. “मत्तोम्मे एणिसि,” ते म्हणाले. परत मोजा. परत मोजली. तेवीस जास्त. तिसऱ्यांदाही तेवीसच. मागवलेल्या पाचशे मतपत्रिकांपैकी उरलेल्या त्यांनी स्वतः मोजून सील केल्या होत्या, त्यात एक कागद कमी नव्हता. मागच्या बाजूला सोसायटीचा शिक्का मात्र सगळ्यांवर होता. तो शिक्का चौदा वर्षं अण्णांच्याच टेबलावर असायचा.

निवडणूक रद्द झाली, दुसरी झाली, अण्णा पडले. आणि शहापूर ते शेजारचं खासबाग एकच वाद पेटला: माजी चेअरमनवर फौजदारी करायची की नाही? ते सोसायटीच्या सभेत हात वर करून ठरायचं होतं.

दिल्लीतल्या मोठ्या माणसांबद्दल पेपरात तेव्हा असाच वाद चालला होता, पण दिल्लीतली माणसं आमच्या हॉटेलात चहा प्यायला येत नव्हती. अण्णा येत होते. ते आले की वाद थांबायचा, त्यांना जागा मिळायची, ते गेले की पुन्हा सुरू. जादा मतपत्रिका छापल्या कुठं, यावर तर पैजा लागल्या. मराठी बोलणारे म्हणत, हुबळीला. कन्नड बोलणारे म्हणत, कोल्हापूरला. सीमाप्रश्नात कुणी तसूभर हटायला तयार नव्हतं.

मी पत्रक लिहिलं. शीर्षक ‘फौजदारी झालीच पाहिजे!’ त्यात मी लिहिलं की बारा वर्षं खुर्ची उबवणाऱ्या या माणसानं विणकरांच्या मतावर दरोडा घातला आहे. कापडाला एक डाग पडला तर विणकराचं ठाण परत येतं, मग मताला डाग पाडणाऱ्याला हार का? शेवटी माझं लाडकं वाक्य होतं: ‘या जादा मतपत्रिका ज्या छापखान्यात छापल्या, त्या छापखानेवाल्यालाही पिंजऱ्यात उभं करा!’

आप्पा कंपोजला बसले. खिळे उचलण्याचा त्यांचा हात चालत होता तो शेवटच्या वाक्यापाशी थांबला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“हे वाक्य ठेवायचंय?”

“ठेवायचंच! मुळापर्यंत गेलं पाहिजे.”

“मग लांब जायाला नको,” आप्पा म्हणाले. “पिंजरा हितंच आणा म्हणावं.”

मला कळेना. मग कळलं आणि मी कागदाच्या रिमावर बसले. पाचशेला पंचवीस. वेगळ्या कागदात गुंडाळून, न मागता, फुकट.

“आप्पा, मतपत्रिकेला मामा कुठला?”

“हात गेला. पाचशे मोजल्या की पुढं पंचवीस आपसूक मारतोय मी. अण्णा सोता न्यायला आलते. कट्टा बांधून दिला, वरचा पुडाबी दिला.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“मला कुणी इचारलंच न्हाय. समदी हुबळी-कोल्हापूरला गेलती.”

आई आतून सगळं ऐकत होती. ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बाईची लेक. तिला घोळवून बोलता येत नसे. “ते पत्रक चुलीत घाल,” ती मला म्हणाली. “फौजदारी झाली की पयला पोलीस हितं येतोय. मशीनला सील लागलं तर तुझी उद्गारचिन्हं शिजवून खायची व्हय?”

फौजदारी झाली तर माझे वडील त्यात येणार, नाही झाली तर अण्णा सुटणार. पत्रकात असल्या पेचाला जागा नसते. मी प्रुफावरचं शेवटचं वाक्य पेन्सिलीनं खोडलं. बाकीचं पत्रक तसंच ठेवलं. ते जास्त लाजिरवाणं होतं हे मला तेव्हाही समजत होतं.

आप्पांनी खोडलेलं पाहिलं. “लेखकाचं ऐकायचं,” एवढंच म्हणून त्यांनी ते वाक्य सोडवलं आणि एकेक खिळा परत केशीत टाकला. इतका सावकाश की प्रत्येक अक्षर मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात अण्णा उभे. पत्रकात मी ‘हा माणूस’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात मी “या अण्णा, बसा” म्हणाले आणि पाणी आणून दिलं. त्यांनाही पत्रक छापायचं होतं. शीर्षक: ‘माझे काय चुकले?’

“कसं हाय आप्पा,” ते पाणी पिऊन म्हणाले, “तुमी आन मी एकाच मागावरलं सूत. एक तुटलं की दुसरं ढिलं पडतंय. उद्याच्या सभेत जरा ध्यानात असू द्या.”

आप्पा म्हणाले, “सूत ज्याचं त्याचं तुटतंय, अण्णा. किती प्रती?”

अण्णांचं लक्ष वर गेलं. सुतळीवर माझं पत्रक वाळत होतं. त्यांनी ते उभ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘दरोडा’ वाचलं, ‘डाग’ वाचलं, चेहरा हलला नाही. मग एकाएकी त्यांनी कागदावर बोट आपटलं.

“हे काय लिवलंस पोरी? बारा वर्षं? चौदा! चौदा वर्षं चेअरमन हुतो मी. लिवतीस तर खरं लिव.”

मी माफी मागितली. आप्पांनी खिळे जुळवलेला फर्मा उघडून बाराचे चौदा केले. वाळलेल्या प्रती वाया गेल्या, त्या मला वह्यांना झाल्या. दुपारपर्यंत सुतळीवर एका बाजूला ‘फौजदारी झालीच पाहिजे!’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माझे काय चुकले?’ अशी दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी डुलत होती. अण्णांच्याही पत्रकाला आप्पांनी पाच टक्के वरची दिली.

सभा देवळाच्या सभामंडपात होती. मी सभासद नव्हते, म्हणून दारात उभी राहून पत्रकं वाटत होते. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांचे वकील.

वकील आधी उभे राहिले. गोड बोलले. झालं गेलं गंगेला मिळालं. निवडणूक रद्द झाली, दुसरी झाली, अण्णा पडले, ही शिक्षा काय कमी? या वयात माणसाला कोर्टाची पायरी चढवायची? उद्या प्रत्येक नवा चेअरमन जुन्याला आत घालायला लागला तर चेअरमन व्हायला कोण धजेल?

“मी धजीन की!” बायकांच्या बाजूनं आवाज आला. मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक सभासद बाई उभी राहिली होती. “वकीलसायेब, आमच्या साडीत दोन बोटं कमी भरली तर ही सोसायटी साडी तोंडावर मारती. आन ह्येंनी तेवीस मतं जास्त भरली तर गंगेला मिळालं? मग आमची साडीबी मिळू द्या की गंगेला!”

मंडप हसला. अण्णासुद्धा हसले. वकील थांबले नाहीत. “पुरावा कुठं आहे?” त्यांनी विचारलं. “त्या मतपत्रिका आल्या कुठून? कुणी छापल्या? एक तरी साक्षीदार दाखवा.”

“हुबळी!” कुणीतरी ओरडलं.

“कोल्हापूर!” दुसऱ्या कोपऱ्यातून.

या गलक्यात माझ्या खांद्यावर हात पडला. आप्पा होते. छापखाना सोडून ते कधी सभेला जात नसत. हातांची शाई तशीच होती. माझ्या गठ्ठ्यातलं एक पत्रक घेऊन ते मधोमध जाऊन उभे राहिले.

“मी सभासद न्हाय,” ते म्हणाले. “पण ह्या पत्रकात एक वाक्य कमी पडलंय. तेवढं तोंडी सांगतो आन जातो.”

मी खाली पाहिलं.

आप्पांनी मामाची गोष्ट सांगितली. पाचशेला पंचवीस, वेगळा पुडा, अण्णांच्या हातात. मंडपातल्या निम्म्या लोकांच्या लग्नाच्या पत्रिका आमच्याकडं छापलेल्या, त्यामुळं मामाचं नाव निघताच लोक खदाखदा हसायला लागले. आप्पा हसले नाहीत. “कुणी मागिटलं नव्हतं. सवयीनं दिलं. ही माझी चूक. फिर्याद करायची आसंल तर साक्षीदार म्हणून माझं नाव पयलं घाला. माझ्यावर खटला भरायचा तर तोबी भरा. पंचवीस मतपत्रिका मी जास्त दिल्या.”

वकील उठायच्या आत अण्णा उठले. चौदाचे बारा ज्यांना सहन झाले नव्हते, त्यांना हे कसं सहन व्हावं?

“पंचवीस कुठल्या?” ते कडाडले. “दोन तर शाई फासलेल्या हुत्या! तेवीसच कामाच्या निघाल्या!”

वकिलांनी डोळे मिटले.

आणि आप्पा, ज्यांना मी आयुष्यात आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, ते भडकले. “माझ्या छापखान्यातनं शाई फासलेला कागद जात न्हाय, अण्णा!”

“गेलता की!”

“ओला आसताना तुमीच अंगठा लावला आसंल!”

“वाळवून द्यायाचं काम कुणाचं?”

दोघं जण बोट नाचवत एकमेकांसमोर उभे. कांड्या भरणारी बाई खाली बसत म्हणाली, “घ्या. साक्षीदारबी गावला आन कबुलीबी गावली. आता हात वर करा.”

हात वर झाले. जे अण्णांना जागा द्यायला उठत, त्यांचेही झाले.

फिर्याद झाली. पोलीस आले ते आधी आमच्याकडंच, आईनं सांगितलं होतं तसं. मशीनला सील लागलं नाही, पण पुरावा म्हणून त्यांनी कलशाचा ठोकळा नेला. खटला वर्षानुवर्षं चालला. आप्पा प्रत्येक तारखेला धुतलेला सदरा घालून जात आणि त्यांची साक्ष संपली तरी शाईच्या मुद्द्यावर अजून थोडं बोलायचंय असं सांगत. शेवटी वयाकडं बघून अण्णांना शिक्षा झाली ती कोर्ट उठेपर्यंत कोर्टात बसून राहण्याची. हॉटेलात लोक म्हणाले, हसण्यावारी गेलं. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. चौदा वर्षं जो माणूस उठल्याशिवाय शहापुरात कुठलीही सभा उठत नसे, तो त्या दिवशी दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत बाकावर बसला होता. मी मुद्दाम बघायला गेले होते. ‘दोषी’ हा शब्द त्यात उद्गारचिन्ह नसतानाही मला पुरला.

कलश परत आला नाही. पुढची किती तरी वर्षं आमच्याकडच्या लग्नपत्रिका नुसत्या समईवर निघाल्या. आणि आप्पांनी सवय मोडली. शंभर म्हणजे शंभर, वर एक कागद नाही.

ऐंशी सालानंतर माझं लग्न ठरलं. पत्रिका आप्पांनी स्वतः छापल्या, मी स्वतः वाटल्या, मोजून पुरल्या. मांडवाच्या आदल्या दिवशी निपाणीहून निरोप आला, की मामा रुसून बसला आहे. या वेळी त्याचं खरं होतं. त्याला पत्रिका गेलीच नव्हती.

आई आप्पांकडं बघत राहिली. आप्पा माझ्याकडं. मग आप्पांनी चष्मा उचलला, पुढच्या खोलीत गेले आणि एका कागदासाठी फर्मा पुन्हा बांधायला बसले.