वकीलकाकांची मुकी बैठक

वकीलकाकांना गप्प बसवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. न्यायाधीशांनी प्रयत्न करून पाहिले होते. गालावर वस्तरा टेकवलेल्या न्हाव्यानेही पाहिले होते. शेवटी न्हावी म्हणाला, "साहेब, कान कापला गेला तर भरपाईचा दावा माझ्यावर लावू नका," आणि त्यावरही काकांनी भरपाईचा कायदा त्याला पहिल्या कलमापासून समजावून सांगितला.

वीसेक वर्षं त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टात मजुरांचे खटले लढवले. वकील उत्तम. प्रश्न असा टाकायचे की समोरचा 'हो' म्हणूनच सुटायचा. त्यांचा गाजलेला खटला म्हणजे भर उन्हात डांबर ओतताना कोसळलेल्या एका गड्याचा. पारा ठरावीक अंशावर गेला की उघड्यावरचं काम थांबवायचं, असा नियम होता. कंत्राटदार म्हणत होता, पारा तिथवर गेलाच नव्हता. काकांनी उलटतपासणीत काढून घेतलं की तापमापक साइटच्या ऑफिसात पंख्याखाली टांगलेला होता. कोर्टात हशा पिकला, खटला जिंकला, वकिलांच्या खोलीत सत्कार झाला. पुढच्या उन्हाळ्यात काका त्याच रस्त्यावरून गेले, तर तोच कंत्राटदार, तेच डांबर आणि तेच ऊन. बदल एवढाच झाला होता की तापमापक आता खिडकीच्या बाहेर, पण झाडाच्या सावलीत लावलेला होता.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "एकेक खटला जिंकत बसलो तर मी मरेन, ऊन नाही मरणार. कायदाच नीट करायला पाहिजे."

बायको शाळेत शिक्षिका. वह्या तपासता तपासता म्हणाली, "मग करा."

अशा रीतीने वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वकीलकाका विद्यापीठाच्या 'कायदा आणि विकास' विभागात संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झाले. विषय घेतला वाढत्या उष्म्याचा आणि उघड्यावर काम करणाऱ्यांच्या हक्कांचा. वर्गातली बाकीची मुलं त्यांच्या मुलांच्या वयाची. काका हे नाव त्यांनीच ठेवलं. देशोदेशीचे उष्म्याचे कायदे काकांनी वाचून काढले, तळटिपा लिहायला शिकले, आणि कँटीनमध्ये एका चहावर तीन जणांचे प्रबंध तोंडी सुधारून दिले. पाच वर्षं आनंदात गेली. मग प्रबंध पुरा झाला आणि मुकी बैठक समोर आली.

ही बैठक म्हणजे या विभागाची जुनी रीत. प्रबंध ज्याचा, त्याने तो मांडायचा नाही. विभागातलं दुसरंच कोणीतरी तो वाचून सगळ्यांपुढे मांडणार, त्यातली खुसपटं काढणार, प्राध्यापक प्रश्न विचारणार, आणि लेखकाने हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून ऐकायचं. विभागप्रमुख म्हणत, "लिहिलेलं स्वतःच्या पायावर उभं राहतं का ते बघायचं असतं. लेखक शेजारी उभा राहून दर वेळी हात देणार नाही." बैठक संपेपर्यंत लेखक एक शब्द जरी बोलला, तरी बैठक तिथेच रद्द. शेवटी हात वर करून मत घ्यायचं. काकांची विद्यापीठाने दिलेली मुदत वर्षअखेरीला संपत होती. बैठक हुकली तर पदवी हुकली, आणि पदवी हुकली तर उष्म्याचा कायदा नव्याने लिहिणाऱ्या समितीपुढे त्यांचा प्रबंध कोणी ठेवणार नव्हतं. पाच वर्षांची मेहनत जिभेवर लटकली होती, आणि जिभेला तर हाड नाही.

बायकोने घरी तालीम सुरू केली. जेवण होईपर्यंत काकांनी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी भाजी संपेपर्यंत त्यांना घाम फुटला. तिसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली की हल्ली ती शाळेत नव्या पुलावरून जाते, जुना रस्ता खणलाय. जेवण आटोपल्यावर काकांनी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. तेव्हाही सांगितलं होतं."

काका ओशाळले. माणूस मुळात चांगला, फक्त त्याच्या कानांना आजवर काम लागलं नव्हतं.

बैठकीत प्रबंध मांडायला आली ती विभागातली सगळ्यात तरुण प्राध्यापिका. पोरं तिला कात्री म्हणत, कारण तिच्या हातून कोणाचा परिच्छेद शाबूत परत येत नसे. तिने काकांचं म्हणणं नेमकं मांडलं, की नियम पाऱ्यावर सोपवला तर पारा सावलीत जातो, तेव्हा काम थांबवण्याचा हक्क प्रत्येक मजुराच्याच हाती द्यावा. काका मनातल्या मनात मान डोलवत होते. मग तिने शेवटची पानं उघडली, जिथे मजुरांच्या मुलाखती छापल्या होत्या.

"एक वाचून दाखवते," ती म्हणाली. "प्रश्न. म्हणजे दुपारी तुमच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, तरीही मुकादमाच्या धाकाने तुम्ही काम चालू ठेवता आणि त्याचा तुमच्या आरोग्यावर विपरीत परिणाम होतो, असंच ना? उत्तर. हो. प्रश्न. आणि थांबण्याचा हक्क कायद्याने तुमच्या हाती दिला, तर तुम्ही नक्कीच थांबाल, बरोबर? उत्तर. बरोबर."

तिने पान मिटलं. "सगळ्या मुलाखती अशाच आहेत. संबंध परिशिष्टात मजुराचं सगळ्यात लांब वाक्य आहे, 'साहेब, जरा सावलीत बसा, पाणी घ्या.'"

खोलीभर हसू फुटलं. काकांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. ओठ उघडलेही होते. कोर्टात अशा आक्षेपाचा त्यांनी दोन वाक्यांत भुगा केला असता. पण मागे बसलेल्या पोरांनी घाबरून श्वास रोखले, ते त्यांना ऐकू आलं, आणि त्यांनी तोंड मिटलं. मग बराच वेळ मिठाची गुळणी धरून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हातात उत्तर तयार आहे, पण बाजू मात्र तिचीच खरी आहे. मजुरांशी ते बोलले नव्हतेच. त्यांनी मजुरांची उलटतपासणी केली होती. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. हात वर झालेच नाहीत. प्रमुख म्हणाले, "मुलाखती नव्याने घ्या. उन्हाळा आहे तोवर घ्या. वर्ष संपायच्या आत एकदा पुन्हा बसू. त्यानंतर मात्र माझ्याही हातात काही नाही."

बाहेर व्हरांड्यात काकांनी कात्रीला गाठलं. ती जरा सावध झाली.

"बाई, मग विचारू तरी काय?"

"एकच प्रश्न विचारा, काका. आणि मग गप्प बसा."

"किती वेळ?"

"तुम्हाला नको नको होईल ना, त्याच्या पुढे थोडा वेळ."

काका पुन्हा रस्त्याच्या कामावर जाऊन बसले. खडीच्या ढिगाशेजारी बूड टेकायचं, छत्री उघडायची आणि विचारायचं, "कालची दुपार कशी गेली?" झालं. पुढे मूग गिळून बसायचं. पहिला गडी त्यांच्याकडे बघत राहिला. पाणी पिऊन झालं, घाम पुसून झाला, चपलेतला खडा काढून झाला. ओठांपर्यंत आलेले तीन प्रश्न काकांनी परत गिळले. आणि मग गडी आपणहून बोलायला लागला, तो मुकादमाने शिट्टी मारेपर्यंत. सासऱ्याच्या आजारपणापासून डांबराच्या वासापर्यंत सगळं निघालं, ऊन मधूनच डोकावून जायचं. रोलर चालवणारा बोलला, खडी वाहणाऱ्या बायका बोलल्या. एकीने तर दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "काल राहिलंच होतं." मुकादमही एकदा छत्रीखाली येऊन बसला. काकांना तो आधी खलनायक वाटायचा. तो म्हणाला, "सगळे टेकले की मीही टेकतो. मला काय ऊन लागत नाही?"

घरी काका ते सगळं रेकॉर्डिंग कानाला लावून बसत, टेबलाच्या पलीकडे बायको वह्या तपासत असे. पुन्हा पुन्हा ऐकताना एक गोष्ट त्यांना खटकायला लागली. कोणीच म्हणत नव्हतं की मी थांबलो. एक म्हणाला, "तो उंच गडी बसला, मग आम्ही बसलो." दुसरी म्हणाली, "जाऊबाई बसल्या म्हणून मी." प्रत्येक हकिगतीत आधी बसणारा दुसराच कोणीतरी होता. त्या दुसऱ्याला शोधत गेलं, तर तो तिसऱ्याकडे बोट दाखवायचा. आणि उंच गड्याचं पुढे काय झालं, ते चारपाच जणांनी जाता जाता, काही विशेष नाही अशा सुरात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर बोलावणंच आलं नाही.

काकांनी कानातून यंत्र काढलं. "अगं, माझं शेवटचं प्रकरण चुकलंय."

"कोणतं? ते तुमचं लाडकं?"

"तेच. मी म्हणतोय, थांबायचा हक्क प्रत्येकाच्या हातात द्या. दिला. पण तो पहिल्यांदा वापरणार कोण? पहिला बसणारा डोळ्यांवर येतो. त्यांना उन्हाची भीती आहेच, पण पहिलं होण्याची जास्त आहे."

बायकोने लाल पेन खाली ठेवलं. "आमच्या मास्तरांच्या सभेत असंच असतं. चुकीचा ठराव येतो, सगळ्यांना कळतं चुकीचा आहे. पण आधी हात कोण वर करणार?" मग ती त्या सभेविषयी बोलत राहिली, आणि काका ऐकत राहिले. आता त्यांना ते जड जात नव्हतं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं. लाडकं प्रकरण त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं आणि नवं लिहायला घेतलं, ते इतक्या मजेत, की जेवायला दोनदा हाक मारावी लागायची.

दुसऱ्या बैठकीला बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आणि मागच्या बाकावर बसली. बैठक सगळ्यांना खुली असे, फक्त मत प्राध्यापकांना आणि परीक्षकांना. या वेळी बाहेरचे एक परीक्षकही आले होते. गृहस्थ असे कोऱ्या चेहऱ्याचे, की बरं म्हणतात की वाईट, काही पत्ता लागू देत नव्हते. मांडणीला पुन्हा कात्रीच होती. तिने उंच गड्याची हकिगत त्याच्या सोबत्यांच्याच शब्दांत वाचली. मग काकांचा नवा निष्कर्ष वाचला, की थांबायची खूण एकट्यादुकट्या मजुरावर सोपवू नये. साऱ्या गावासाठी एकच भोंगा वाजावा, म्हणजे कोणी पहिला उरणार नाही. आणि भोंग्यावरचा हात अशाचा असावा, ज्याला कामावरून काढता येत नाही.

प्रश्न झाले, खोचक झाले. भोंगा बिघडला तर? कंत्राटदाराने वाजवणाऱ्यालाच वश केलं तर? काका एका शब्दाने बोलले नाहीत. एका प्रश्नाचं उत्तर प्रबंधाच्याच एका पानावर निघालं, ते दुसऱ्याच प्राध्यापकाने शोधून वाचून दाखवलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच, ते काकांनी मनात टिपून ठेवलं. लिहिलेलं आपल्या पायांवर चालताना बघून त्यांना पोर शाळेत सोडून आल्यासारखं वाटत होतं.

"चला," प्रमुख म्हणाले. "प्रबंध स्वीकारावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

काकांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. कोणी नाराज दिसत नव्हतं. धाकटे प्राध्यापक थोरल्यांकडे बघत होते. थोरले परीक्षकांकडे बघत होते. परीक्षक, पाहुण्याने आधी बोलू नये म्हणून, प्रमुखांकडे बघत होते. विद्यार्थी आपलाच, म्हणून प्रमुख टेबलाकडे बघत होते. कात्रीला मांडणारी म्हणून मत नव्हतं, ती नुसती बोटं मोडत होती. काकांना सगळं लख्ख दिसत होतं, कोणत्या पानावर काय लिहिलंय तेही ठाऊक होतं, आणि बोलायची सोय नव्हती.

मागच्या बाकावरून एक हात वर गेला. शाळेत बाई मुलांना दाखवतात तसा, सरळ आणि उंच.

"बाई, तुम्हाला मत नाही," प्रमुख म्हणाले.

"ठाऊक आहे," काकांची बायको म्हणाली. "पण मला इथून कोणी काढूनही टाकू शकत नाही. पहिला हात मला परवडतो."

मग कोऱ्या चेहऱ्याचे परीक्षक हसायला लागले, खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसताच त्यांनी हात वर केला. मग सगळेच हात वर झाले, आधी कोणता आणि मागून कोणता, ते कोणालाच सांगता आलं नसतं.

"बाईंचा धरू नका, बाकीचे मोजा," प्रमुख म्हणाले. "आणि वकीलसाहेब, बैठक संपली. आता बोला, हवं तेवढं बोला."

वकीलकाका उभे राहिले. आभाराचं तयार केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्यांनी मागच्या बाकाकडे हात केला.

"ही माझी बायको," ते म्हणाले, आणि खाली बसले.