लिंबाच्या वासाचा टॉवेल

परवा गोंदियात एका लग्नात कोणीतरी लिंबाच्या वासाचा गरम टॉवेल हातात दिला आणि माझं मनगट ठणकलं. लेकानं एकदा आम्हा दोघांना विमानाच्या फर्स्ट क्लासमध्ये बसवलं होतं. नवऱ्यानं देवरीच्या बसमध्ये बसल्यासारखा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला आणि अशाच पांढऱ्या टॉवेलात थुंकला. “इथं नका थुकू जी,” मी म्हटलं. त्यानं मऊ पांघरुणाखाली माझं मनगट पिरगाळलं, पार हाड वाजेपर्यंत. “मले शिकवून राहिली का?” असं म्हणताना तो हवाईसुंदरीकडे बघून हसत होता. घरी मी तीस वर्षं सोसलं होतं, पण इथं समोर जेवणाचा जड काटा होता. तो मी त्याच्या पंजात खुपसला. परवा लग्नात त्यानं खर्ऱ्याची पुडी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली. त्या हातावरच्या चार खुणा अजून गेल्या नाहीत.