गुडघा दुखला नाही त्या दिवशी

त्या सकाळी मी बायकोच्या डाव्या गुडघ्याला तेल चोळलं. घरात आम्ही दोघांनी मिळून केलेलं रोजचं काम म्हणाल तर ते शेवटचं. करंजाचं तेल, पळीत लसणीच्या दोन पाकळ्या टाकून चुलीवर कोमट केलेलं. ती ओटीवर भिंतीला टेकून पाय लांब करायची, मी समोर पाटावर बसायचो. सात-आठ वर्षं हे चाललेलं. त्यात माया वगैरे काही नव्हती. चोळलं नाही तर तिला मिठागरापर्यंत चालता यायचं नाही, आणि ती आली नाही तर मीठ मला एकट्याला ओढावं लागायचं. निदान तेव्हा मी तसंच धरून चाललो होतो.

"चोळता का नुसता हात फिरवता?" ती म्हणाली.

मी रोजच्यासारखाच चोळत होतो. तसं सांगितलं तर म्हणते, जोर गेला तुमचा, म्हातारे झालात. मला राग आला. मी अंगठा असा रोवला की कातडीवर लाल वळ उठला. एरवी एवढं दाबलं असतं तर तिने माझ्या डोक्यात टपली मारली असती. त्या दिवशी ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "आज दुखतच नाय. ऊन चांगला पडंल."

मी हात लुंगीला पुसले आणि उठलो.

मागून लोक म्हणाले की तिचा गुडघा त्या दिवशी खोटं बोलला. तसं नव्हतं. म्हणून हे लिहितो.

आमचं मिठागर पनवेलच्या खाडीला लागून होतं. तेव्हा कळंबोलीला लोखंडाचा बाजार नवा नवा बसत होता आणि आमच्या बांधावरून ट्रकांची रांग दिसायची. मीठ हे उन्हाचं पीक. दिवाळीनंतर खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, आटवायचं, मग मीठ लाकडी फावड्याने ओढून बांधावर रास घालायची. या सगळ्याचा वैरी एकच, वळवाचा पाऊस. चैत्र-वैशाखात दुपारपर्यंत आभाळ कोरडं ठणठणीत असतं, आणि तीनच्या पुढे माथेरानच्या अंगाने काळं चढतं. अर्धा तास पडतो, पण महिन्याभराची रास विरघळवून जातो. रास पेंढ्याने झाकली की वाचते. पण झाकायचं म्हणजे दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि पाऊस आला नाही की तेवढंच काम पुन्हा काढायला. रोज कोण झाकणार?

तर झाकायचं की नाही हे तिचा गुडघा सांगायचा. वळीव यायचा असला की आदल्या रात्रीपासून ठणकायला लागायचा. एका वर्षी रेडिओ हवा कोरडी म्हणत होता आणि हिने सगळ्यांना झाकायला लावलं. लोक हसत हसत झाकत होते. संध्याकाळी असा कोसळला की हसणारे आमच्या ओटीवर चहाला आले. तेव्हापासून आजूबाजूच्या मिठागरांवरची माणसं सकाळी बांधावरून तिलाच विचारायची.

त्या सकाळीही शेजारच्या मिठागरवाल्याने विचारलं. हा माझ्याच वयाचा, लहानपणापासून एका चिखलात वाढलेला. रस्त्यावरच्या टपरीवर तो रेडिओ ऐकून आला होता. रायगडात वादळी वारा, विजा आणि पाऊस, असं रेडिओ म्हणत होता. पण चार दिवस रेडिओ तेच म्हणत होता आणि थेंब पडला नव्हता.

"वयनी, रेडिओ बोंबलतोय. गुडघा काय बोलतो?"

"गुडघा गप हाय."

"मग पेंढ्याला झोपू दे," तो म्हणाला आणि खांद्यावरचा भारा त्याने बांधाखाली टाकून दिला. आमचाही पेंढा तसाच राहिला. व्यापाऱ्याची गाडी दोन दिवसांनी यायची होती. दोघांच्याही राशी कमरेइतक्या झालेल्या.

दुपारपर्यंत आम्ही मीठ ओढलं. मध्येच मी बघतो तर हिच्या डाव्या पायात चप्पल नाही. मागे चिखलात रुतून राहिली होती आणि ही तशीच पुढे आलेली, मिठाच्या खड्यांवर अनवाणी. मी ओरडलो, चप्पल कुठं टाकलीस, डोकं ठिकाणावर आहे का. तिने पायाकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं बघितलं. मग म्हणाली, पडली असंल. मी हसलो आणि चप्पल आणून दिली. घालताना तिला दोनदा हाताने पाय उचलावा लागला. हे मला दिसलं होतं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही.

तीनच्या सुमाराला खाडीवरचा वारा एकदम थांबला. मग डोंगराकडून उलटा सुटला, त्यात धूळ. माथेरानकडे बघितलं तर आभाळ जांभळं. आम्ही दोघं पेंढ्याकडे धावलो. मी भारे टाकतोय आणि वारा ते उडवून वाफ्यात नेतोय. मग पाऊस आला. वीज इतकी जवळ पडत होती की खाडीचं पाणी पांढरं दिसायचं. मी मागे वळून बघितलं तर ही राशीला टेकून खाली बसलेली.

"ऊठ की. बसायला आलीस काय हितं?"

तिच्याशी मी बोललेलं हे शेवटचं.

ती उठली नाही. जवळ गेलो तर तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे माझ्यावर. काहीतरी म्हणत होती, ते मला कळलं नाही. मी शेजाऱ्याला हाक मारली. तो स्वतःची रास झाकत होता, एक कड झाकून झाली होती. त्याने हातातला भारा सोडून दिला आणि आला. घोंगडीत घालून आम्ही तिला हायवेपर्यंत नेलं. तिथून एका टेंपोवाल्याने पनवेलला दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने तिच्या डाव्या पायाच्या तळव्यावर काहीतरी ओढलं, मग मला विचारलं, पाय कधीपासून बधीर आहे.

मी म्हणालो, "बधीर नाय साहेब. आज सकाळपासून दुखत नव्हता."

"तेच विचारतोय मी," तो म्हणाला.

दिवेलागणीच्या आधी ती गेली. सकाळीच आणली असती तर काय झालं असतं, ते मी डॉक्टरला विचारलं नाही. आजवर कुणालाच विचारलेलं नाही.

मुलगी उरणकडे दिलेली, ती येईपर्यंत थांबलो आणि त्याच रात्री हिला स्मशानात नेलं. लाकडं ओली होती, पेटायला वेळ लागला. माझ्या मागे माणसं हळू आवाजात बोलत होती. कुणाचं किती मीठ गेलं ते. त्यात एक जण म्हणाला, आज काकीच्या गुडघ्याने फसवलं. तो काही वाईट मनाने म्हणाला नाही. दुसरा म्हणाला, वय झालं होतं तिचं, अंदाज चुकला. मी ऐकत उभा राहिलो. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून मिठागरावर गेलो. मुलगी आडवी आली, सुतकात असं कुणी कामाला जातं का, लोक काय म्हणतील. मी तिला बाजूला केलं.

वाफे पावसाच्या पाण्याने भरले होते. पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगतं. ते वेळेत सोडून दिलं तर खालचं खारं पाणी वाचतं आणि ऊन पडल्यावर पुन्हा मीठ धरतं. शेजारी त्याच्या बांधावर उभा होता. त्याची रास म्हणावी असं काही उरलं नव्हतं, चिखलात पांढरे डाग होते फक्त. मला बघून तो म्हणाला, "घरी जा रं. तुजं पण सोडतो मी पाणी."

मी म्हणालो, "तिचा काय चुकला नव्हता. पाय सकाळीच मेलेला. मी एवढा चोळला, तिला लागला नाय. माज्या हाताला कळाया पायजे होता."

त्याने हातातलं फावडं चिखलात रोवलं. मग म्हणाला, "तुला तरी काय ठावं असणार."

"तू बाकीच्यांना सांग."

"सांगतो."

"आज सांग."

"आजच सांगतो," तो म्हणाला.

मग मी त्याचं फावडं घेतलं आणि आधी त्याच्या वाफ्याचा बांध वरच्या बाजूने चार बोटं फोडला. पाणी खाडीकडे जायला लागलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मग दुसरा वाफा घेतला.