खाबुऱ्याची खाला

धनेशभाऊ गेले त्या दिवशी माझ्या नवऱ्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि चक्क रडला. मी आपली तांदळाच्या रोट्या थापत राहिले. परक्या पुरुषासाठी बाईने रडायचं तर आधी कारण सांगावं लागतं, आणि माझं कारण तोंडातून काढायची सोय नव्हती.

धनेशभाऊ म्हणजे आमचे रेडिओवरचे. मस्कतच्या एका हिंदी स्टेशनवर रोज सकाळी अकरा वाजता तासभर मराठीत बोलायचे. गुहागरकडचा माणूस, घसा कायम बसलेला, बोलता बोलता चहाचा भुरका मारायचा तोही माइकवर. "गालात गाडीखाली झोपलेल्या भल्या माणसा, हात पूस आणि फोन लाव!" असं ओरडायचे आणि खरंच गालातून, मस्कतच्या त्या गॅरेजांच्या वस्तीतून, गाडीखालून माणसं फोन लावायची. कोणीही असो, त्यांचा एक प्रश्न ठरलेला, "तुमच्या खिडकीतून काय दिसतंय?" कुणी क्रेन सांगायचा, कुणी अर्बाबचे, म्हणजे मालकाचे, उंट. एक जण म्हणाला, "साहेब, आमच्या खोलीला खिडकीच नाही." धनेशभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मग आज माझी घे. इथून कुरुमचा समुद्र दिसतो." आणि गाणंबिणं सोडून त्याला समुद्र सांगत बसले. असा माणूस होता तो. स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरता उतरता गेला. पन्नाशीही गाठली नव्हती.

आता माझं ऐका. मी मुनिबा, म्हसळ्याची. सकलैनशी लग्न करून गालात आले, ती दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. खाली टायरचं गॅरेज, समोर हात लांब केला तर लागेल अशी भिंत, भिंतीवर एसीचा डबा, आणि तो मेला बारा महिने गळतोय. सकलैन वाईट नाही हो. हात उगारला नाही कधी, आवाज चढवला नाही. पण गाडी शिकते म्हटलं तर, "कशाला, मी आहे ना." शाळेत नोकरी मिळतेय म्हटलं तर, "भाईजानला विचारतो." भाईजान म्हणजे त्याचा थोरला भाऊ अलीमियाँ, स्पेअर पार्टच्या दुकानाचा मालक. भाईजानचं उत्तर मला दारातूनच कळायचं, सकलैन चपला काढायला वेळ लावायचा ना, त्यावरून. आमच्या नात्यातल्या खैरुन्निसाने एकदा त्या रेडिओवर गाण्याची फर्माईश केली. स्वतःचं नाव सांगून! महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

तरी मी फोन लावला. एका सकाळी हिबा आणि झैन शाळेत, दार ओढलेलं, मनात आलं की आज माणसाशी बोलले नाही तर भिंतीशी बोलायला लागेन. धनेशभाऊंनी विचारलं, "काय दिसतंय खिडकीतून?" आणि मला त्या भिंतीची अशी लाज वाटली म्हणून सांगू! तोंडातून भलताच आवाज निघाला, माझ्या मेलेल्या सासूबाईंचा, नाकातला, ठसक्याचा. "बाबा, मी खाबुऱ्याची कुलसुमखाला. माझ्या खिडकीतून खजुराची बाग दिसते. आणि माझी बकरी, शहजादी. निवांत बसलीय बघ, काम ना धाम."

झालं! खाबुऱ्याची ही खाला, म्हणजे मावशी, गाजली. म्हातारीला सगळं माफ असतं, मी काय वाट्टेल ते बोलायचे. मालकांना झापायचे, पगारावर बोलायचे, नव्या नवऱ्यांना सल्ले द्यायचे. गालातली दुकानं खालासाठी रेडिओ मोठा करायची. सकलैन तर वेडाच झाला. रात्री जेवताना मला सांगायचा, "आज खाला काय म्हणाली ठाऊक आहे? अगदी अम्मीसारखी बोलते गं!" कशी नाही बोलणार? शहजादी आजारी पडल्याचं मी एकदा सांगितलं, तर हा बाबा जुम्म्याला तिच्यासाठी दुआ मागून आला. बकरीसाठी! त्या आठवड्यात मी तापाने फणफणले होते, ते त्याला भांडी पडलेली पाहून कळलं.

धनेशभाऊंना मात्र समजलं होतं. एकदा बोलताना खाली टायरवाल्याने मशीन लावलं, घर्र करून. मी फोन हाताने झाकला. ते लगेच म्हणाले, "खाला, शहजादीला सर्दी झालीय वाटतं!" आणि गाणं लावून टाकलं. मग गाणं चालू असताना फोनवर हळूच म्हणाले, "तुमची खरी खिडकी दाखवावीशी वाटेल तेव्हा दाखवा. मला घाई नाही." मी हो म्हटलं. रोज ठरवायचे, आज सांगते. घाई मलाही नव्हती ना. तो जाईल असं कुणाला वाटलं होतं?

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी सकलैन म्हणाला, "मुनिबा, खालाला कुणी कळवलं असेल का गं? एकटी म्हातारी. आपण शुक्रवारी जाऊन भेटून येऊ."

मी म्हटलं, "खाबुरा काय इथे आहे? दोन तासांचा रस्ता. पत्ता कुठाय?"

"विचारू. बकरीवाली खाला म्हटल्यावर कुणीही दाखवेल."

शुक्रवारी सकाळी लवकरच निघालो. मी पुढे, मुलं मागे, आणि सकलैनच्या मांडीशेजारी एक पुडकं. फणसपोळी. खालाने एकदा रेडिओवर म्हटलं होतं, फणसपोळी खाऊन किती वर्षं झाली. ती याने रुवीच्या बाजारातली चार दुकानं पालथी घालून शोधली होती.  फणसपोळी मला हवी होती, मेल्या, मला!

खाबुऱ्यात त्याने बाजारात विचारलं, मशिदीबाहेर विचारलं, एका बागवाल्याला मोडक्या अरबीत बकरीचं वर्णन करून सांगितलं. लोक मान हलवत होते. मी गाडीत बसून, काच वर, सगळं बघत होते. खजुराच्या बागा होत्या, बकऱ्याही होत्या. मी थापा मारलेलं सगळं तिथे होतं, फक्त मी नव्हते.

शेवटी पंपावर पेट्रोलला थांबलो. अकरा वाजले होते. धनेशभाऊंच्या आठवणींचा कार्यक्रम लागला होता, अफशा नावाची नवी मुलगी रडवेल्या आवाजात बोलत होती. "खाबुऱ्याच्या खाला, ऐकत असाल तर फोन करा." सकलैन रेडिओलाच विनवायला लागला, "लाव गं खाला, लाव फोन!"

मी म्हटलं, "बाथरूमला जाऊन येते."

पंपामागे भिंतीला टेकून मी नंबर लावला. त्यांनी ओळखला, लगेच कार्यक्रमात घेतलं. "खाला!" अफशा म्हणाली. "आज त्यांचा प्रश्न मी विचारते. तुमच्या खिडकीतून काय दिसतंय?"

समोर खरंच बाग होती. कुंपणाला घासत एक बकरीसुद्धा उभी होती. सासूबाईंचा आवाज जिभेवर तयार होता. एकदा शेवटचं बोलायचं आणि गाडीत जाऊन बसायचं, कुणाला पत्ता लागला नसता. मीही तशीच म्हातारी झाले असते त्या फ्लॅटमध्ये.

"भिंत," मी म्हटलं. माझ्याच आवाजात. तो मलाच अनोळखी वाटला. "माझ्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. एसी गळतो. खाली टायरचं गॅरेज आहे. धनेशभाऊ, मी खाला नाही. मी मुनिबा. सकलैनची बायको, गालात राहते. उशीर केला मी, माफ करा."

परत आले तेव्हा रेडिओ बंद होता. हिबा मागून अडखळत म्हणाली, "मम्मी, तू... रेडिओमध्ये होती." मी दार लावून घेतलं. सकलैन स्टिअरिंग धरून समोर बघत होता. गाडी रस्त्याला लागली.

मग म्हणाला, "आणि शहजादी?"

"नव्हती हो."

"नव्हतीच?" त्याचे डोळे भरले. मला हसूही येईना आणि रडूही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर भाईजान. वाजून थांबला, परत वाजला. सकलैनने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काय करेल, मला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने फोन उपडा करून डॅशबोर्डवर ठेवला आणि ते पुडकं उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"घे," म्हणाला. "खालासाठीच आणली होती."

फोन वाजतच होता. मी पुडक्याचा दोरा सोडला, एक तुकडा तोंडात घातला, आणि मग धनेशभाऊंसाठी रडले, मोठ्याने, नवऱ्यादेखत, मुलांदेखत.