पानावर आडवा हात

भाजे गावात कस्तुराबाईकडं जेवायला बसायचं म्हणजे धाडसाचं काम होतं. बसताना माणूस आपल्या मर्जीनं बसायचा, उठायचा मात्र तिच्या मर्जीनं. पुरे म्हणून कुणी पानावर हात आडवा धरला, की ही बाई त्या हातावरच ओगराळं वाकडं करायची. हात काढा, न्हाईतर भाजंल, एवढं म्हणायची आणि कढत आमटी सोडायची. पाहुणा झटकन हात मागं घ्यायचा, आमटी भातावर पडायची आणि सगळी पंगत हसायची. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. उलट आग्रह झाला नाही, तर पाहुणा चार गावांत सांगत फिरायचा, की जेवलो खरं, पण कुणी विचारलं नाही.

तिच्या हातच्या चवीचा पुरावा म्हणजे तिचा नवरा हौशीराम. भाताची दोन खाचरं, थोडं गवताचं रान आणि हे एवढं पोट, असा त्याचा सगळा संसार. मळवलीच्या ठेसनात तो बाकड्यावर टेकला, की शेजारचा आपणहून उठायचा. गावात इर्जिक असली, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं शेत नांगरून द्यायचं आणि त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं असलं, की त्या घरची बाई आधी विचारायची, हौशीराम येणार का? येणार म्हटलं की जास्तीचं पातेलं चढायचं. त्याच्या भाकरी कुणी मोजत नसे, मोजणाऱ्यालाच लाज वाटायची.

त्यांना एकच लेक, हिरा. तिला आपल्या मुलासाठी बघायला तिकोणा पेठेचे धोंडिबा आले, तेव्हा मुलगी बघायची राहिली बाजूला, ते हौशीरामाचं जेवणच बघत बसले. अन्नाला नाही न म्हणणारा माणूस मनानं सरळ असतो, असं त्यांचं ठाम मत. सोयरीक तिथंच ठरली.

आता भाज्यातून पेठेला जायचं, तर लोहगड आणि विसापूर यांच्या मधली गायमुखाची खिंड चढायची आणि पलीकडं पवनेच्या खोऱ्यात उतरायचं. बाया डोईवर गाठोडी घेऊन चढतात. हौशीराम लेकीला पोचवायला निघाला आणि अर्ध्या चढणीवरच बसला. काही केल्या धाप थांबेना. शेवटी त्याला तिथं ठेवून वऱ्हाड पुढं गेलं आणि हिरा वळून वळून बघत खिंडीपलीकडं दिसेनाशी झाली. पुढं कामशेतावरनं फिरून गाडीनं तो वर्षातनं एखादी फेरी करायचा, तेवढंच. कुणी विचारलं तर हसून सांगायचा, की खिंड अरुंद आहे, मी मावत नाही. पण संध्याकाळी अंगणात उभा राहून तो त्या खिंडीकडं बघत राहायचा, ते कस्तुराबाईनं कितीदा पाहिलं होतं.

आणि मग एका वर्षी ऐन लावणीत, गुडघाभर चिखलात उभा असताना त्याच्या पोटात कळ आली आणि तोंडातून रक्त पडलं. गावानं झोळी करून त्याला मळवलीला नेलं, तिथनं लोणावळा, तिथनं पुण्याचा मोठा दवाखाना. पोटात जुनी जखम होती, ती फुटली होती. डॉक्टरांनी पोटाचा मोठा भाग कापून काढला आणि माणूस वाचला.

घरी सोडताना डॉक्टरांनी कस्तुराबाईला समोर बसवून सांगितलं. पोट आता वाटीएवढं राहिलंय. वाटीत मावेल तेवढंच द्यायचं, पण दिवसातनं पाच-सहा वेळा. घास चावून चावून पातळ करायचा. जेवताना पाणी नाही, मागाहून. आधी अंडं, मासा, डाळ, मग जागा उरली तर भात. गूळ-साखर जवळजवळ बंद. आणि अंग उतरेल ते उतरू द्यायचं, पुन्हा चढू द्यायचं नाही. हे वजन पुन्हा अंगावर आलं आणि हा पहिल्यासारखा जेवायला लागला, तर दुसऱ्यांदा मला वाचवता यायचं नाही. बाईनं सगळं ऐकून मान डोलावली. तिला समजलं ते एवढंच, की आपल्या नवऱ्याला उपाशी ठेवायला सांगताहेत.

दिवाळीपर्यंत हौशीराम निम्मा झाला. बंडी खुंटीला अडकवल्यासारखी लोंबायला लागली. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, कस्तुरे, घरातले दाणे संपले का गं? ते तिच्या जिव्हारी लागायचं. जिच्या घरनं पाहुणे भिंत धरत उठायचे, तिचाच नवरा वाळक्या काटकीसारखा फिरतोय, म्हणजे तिच्या जन्माची अब्रूच गेली म्हणायची. मग तिनं डिंकाचे लाडू वळले. नवरा घ्यायला घाबरायचा, म्हणून ते कुस्करून नाचणीच्या आंबलीत घालायला लागली, वर गूळ, वर तुपाची धार.

आंबील प्यायला की हौशीरामाला दरदरून घाम फुटायचा. छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची, माणूस घोंगडीवर आडवा. कस्तुराबाईनं ताडलं की दृष्ट लागली. एवढा भरलेला गडी असा उतरल्यावर कुणाची तरी लागणारच की! ती मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकायची, त्या तडतडल्या की तिला बरं वाटायचं आणि अशक्तपणा भरून यावा म्हणून ती आणखी एक वाटी गुळाची आंबील पाजायची. की पुन्हा घाम. बरं, बाई काही मूर्ख नव्हती. बाळंतीण असो, पैलवान असो, तापातनं उठलेला असो, सगळ्यांना डिंकाचा लाडूच उभा करतो, हे ती जन्मभर बघत आली होती.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, घाम कधी येतो? खाल्ल्यावर. काय खाल्ल्यावर? हौशीरामानं बायकोकडं बघितलं आणि बायकोनं मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं, तूप घरचं असतं आणि आपण दृष्ट काढतो हेसुद्धा. डॉक्टरांनी समोरचा कागद बाजूला सारला.

"मावशी, गूळ थांबायला आता पोटच राहिलेलं नाही," ते म्हणाले. "तो सरळ आतड्यात जाऊन आदळतो. तुम्ही जी दृष्ट काढताय ना, ती तुमच्याच हातची आहे."

घरी आल्यावर लाडवांचा डबा उचलून तिनं शेजारी बाळंतीण होती तिला देऊन टाकला आणि चुलीपाशी बसून पोटभर रडली. माझ्या हातानं मी याला मारत होते, एवढंच तिच्या मनात. हौशीराम जवळ येऊन बसला, म्हणाला, मेलो न्हाई ना अजून, मग रडती कशाला? त्यावर तिला हसूही आलं आणि रागही आला.

त्या दिवसापासनं मात्र बाई पेटली. आग्रहात जेवढी हट्टी, तेवढीच आता आवरण्यात. माळ्यावरनं हिराची लहानपणची ताटली आणि वाटी काढली आणि हौशीरामाचं जेवण त्यात मांडायला लागली. एवढंसं असायचं, पण सुरेख असायचं. ओढ्याचे मासे कमी तिखटात, उकडलेलं अंडं, मुगाचं घट्ट वरण, ताजं ताक, आणि शेवटी आंबेमोहोराचा मऊ भात, चार घास. थोडंच रांधायचं, तर ते चवीला चुकून चालत नाही, हे तिला पहिल्यांदाच कळलं. पूर्वी मोठ्या पातेल्यात काहीही खपून जायचं. पाण्याचा तांब्या ती जेवणाआधीच उचलून ठेवायची आणि समोर बसून राहायची, घास पातळ झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही. गोठ्यातला बैल वैरण संपवून मोकळा व्हायचा, हौशीराम आपला चावतोच आहे. पण त्याला भाताचा वास कळायला लागला. एवढी वर्षं आंबेमोहोर खाल्ला, म्हणाला, पण आज चाखला.

वर्ष सरलं तशी भूक परत आली आणि खरी परीक्षा तिथं झाली. वाटीत मावायचं ते ताटलीभर मावायला लागलं. इर्जिकीला जुने सोबती म्हणायचे, आता बरा झालायस की, घे अजून. हौशीरामाचा हात चोरून भाकरीकडं जायचा. कस्तुराबाईनं त्याच्या कमरेच्या करदोड्यावर नजर ठेवली होती. आजारात तो ढिला पडून घसरायला लागला, तेव्हा तिनंच गाठ मारून आवळला होता. एक दिवस आंघोळीला पाणी देताना तिला करदोडा कातडीत रुतलेला दिसला. तिनं गाठ सैल केली नाही. भाकरी अर्धी केली आणि म्हणाली, उद्यापासनं रोज खिंडीकडं चालून या, जमंल तितनं माघारी वळा.

तो पहिल्यांदा शेवटच्या घरापर्यंत गेला. मग चढणीच्या पायथ्याशी. मग जिथं लेकीच्या लग्नात बसला होता त्या दगडापाशी. आणि एका सकाळी गेला तो दुपार झाली तरी परत येईना. कस्तुराबाईचा जीव खालीवर. संध्याकाळी आला, तो हसतच आला. खिंड ओलांडून पेठेला जाऊन आला होता, लेकीच्या हातची वाटीभर आमटी पिऊन! हिरा दारात उभी राहून म्हणे बघतच राहिली, तिला बापाची चाल ओळखूच आली नाही.

पण गड्याची एक खोड गेली नव्हती. व्याह्यांच्या घरी त्यानं ऑपरेशनचा ब्र काढला नव्हता. टायफॉईड झाला होता म्हणून सांगितलं आणि आईकडनं सगळं कळलेल्या हिरालाही दम दिला, की बोलायचं नाही. ज्या माणसाचं जेवण बघून सोयरीक झाली, त्याचं पोटच कापलंय हे कुठल्या तोंडानं सांगायचं? कस्तुराबाई म्हणाली, सांगून टाका. तो ऐकेना.

आणि पेठेची जत्रा आली. धोंडिबांनी दोघांना आग्रहानं बोलावलं. दोघं खिंड चढून गेले, कस्तुराबाईला दम लागला, हौशीरामाला नाही. दुपारी पडवीत पुरुषांची पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, पुरणपोळी आणि वर कढत गुळवणी. पुरण हिरानं शिजवलं होतं. आजारातनं उठलेल्या व्याह्याला आज उभा करायचाच, म्हणून धोंडिबा स्वतः गुळवण्याचं पातेलं आणि ओगराळं घेऊन उभे. माणूस मायेचा, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. हौशीरामानं पोळीचा तुकडा मोडला, थोडी डाळ खाल्ली आणि पानावर हात आडवा धरला.

पंगत बघायला लागली. धोंडिबांचा चेहरा उतरला.

"का वो व्याही? आमच्या घरचं गोड लागंना व्हय? का पोरीनंच बिघडवलंय?"

ते हसून म्हणाले, पण वाक्य जायचं तिथं गेलं. स्वयंपाकघराच्या दारात हिरा खाली मान घालून उभी. तिची सासू विठाबाई तिच्याकडं बघत होती. हौशीरामानं लेकीकडं बघितलं आणि पानावरचा हात काढून घेतला.

दाराआडनं कस्तुराबाईनं ते पाहिलं. याचं पुढं काय होणार ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आधी घाम, मग अंधारी, इथं एवढ्या लोकांत. आणि आज हो म्हटलं की उद्यापासनं प्रत्येक पंगतीत हो. करदोडा, खिंड, सगळं गेलंच. विहीणबाईनं पुरुषांच्या पंगतीत जायची रीत नाही, हे तिला त्या क्षणी आठवलं की नाही देव जाणे. ती सरळ आत शिरली, खाली वाकली आणि नवऱ्याच्या पानावर आपला हात आडवा धरला.

ओगराळं वाकडं झालेलंच होतं. कढत गुळवणी तिच्या हातावर पडलं. तिनं हात काढला नाही.

धोंडिबांच्या हातातलं ओगराळं तसंच राहिलं. हौशीरामानं बायकोच्या हाताकडं बघितलं, लाल होत चाललेल्या. मग उठला, भर पंगतीत बंडी वर केली आणि छातीपासनं बेंबीपर्यंतचा व्रण सगळ्यांना दाखवला.

"टायफॉईड न्हवता, व्याही. पोट कापलंय माझं. वाटीएवढं राह्यलंय. पोरीचं पुरण लय ग्वाड झालंय, पर मला ते इख हाय. लाजंपायी बोललो न्हाई."

धोंडिबांनी पातेलं खाली ठेवलं. पहिल्यांदा ते विठाबाईवर ओरडले, की बघत काय उभी राहिलीस, विहीणबाईंच्या हातावर गार पाणी घाल. मग हिराला म्हणाले, तुझ्या बापाला काय चालतं ते तुला ठाऊक असंल, ते कर. आणि स्वतः हौशीरामाच्या शेजारी बसले. अन्नाला नाही म्हणणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत त्या दिवशी बदललं असावं, पण तसं ते बोलले नाहीत. हिरानं वाटीभर मऊ भात आणि मुगाचं वरण आणलं. हौशीराम चावत बसला आणि त्याचं होईपर्यंत धोंडिबांनी पंगत उठू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं परत निघाले. कस्तुराबाईच्या उजव्या हाताला खोबरेल लावून फडकं गुंडाळलेलं, म्हणून गाठोडं हौशीरामानं डोईवर घेतलं. वाटेत गुराख्यांनी हसून बघितलं, तर त्यांना खुशाल हात केला. खिंडीच्या माथ्यावर विहिणीनं दिलेली शिदोरी सोडली. आपलं अंडं त्यानं सावकाश खाल्लं. मग कस्तुराबाई डाव्या हातानं पोळी मोडायला धडपडत होती ते बघून त्यानं इकडं तिकडं बघितलं, कुणी नाही असं पाहून घास केला आणि तिच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग आणखी एक.

"बास," ती म्हणाली.

आग्रह करायची त्याला फार इच्छा होती. घास हातात तयार होता. पण त्यानं तो परत फडक्यात ठेवला, शिदोरी बांधली, गाठोडं डोईवर घेतलं आणि दोघं भाज्याकडं उतरायला लागले.