परदेशी डॉक्टर तपासणीला आले तेव्हा

कुष्ठरोगाच्या युनिटात नोकरी करते म्हटलं की लोक आधी दोन पावलं मागं सरकतात आणि मग हळूच विचारतात, "काय काय घडतं हो तिथं?" एक सांगायला बसावं तर चार आठवतात! त्यातही परदेशी डॉक्टर आले होते तेव्हाचे किस्से आम्ही भूमच्या युनिटातली मंडळी पुरवून पुरवून खातो. गोळ्या आणि जीप त्यांच्या देशानं दिलेली. ती मदत चालू ठेवायची की थांबवायची, हे ते ठरवणार. आणि दुभाषी कोण? मी! बी.ए. झालेली, पण दार वाजलं तरी दचकणारी.

*

जीपचं स्टिअरिंग डावीकडं, उजवीकडं मी. बाजारात समोरून बैलगाडी आली आणि मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. ओरडा झाला, "सरका! बाई गाडी हाकतीया, आन् डोळे झाकून!"

रस्ता मोकळा! ड्रायव्हर रहीमचाचा खूश. "बेटी, रोज ऐसाच बैठो!"

*

बधिरपणा तपासताना डोळे मिटायला लावून अंगावर पीस फिरवतात. भूमजवळच्या वाशीकडच्या एका खेड्यात सखूआजी त्या परदेशी साहेबांना म्हणाल्या, "आदी तुमी मिटा." पीस आजींच्या हातात! गळ्यापाशी फिरवताच साहेब खुदकन हसले.

"लागतंय," आजींनी निकाल दिला. "ह्याला गोळी नगं!"

*

साहेबांनी तिथंच विचारलं, "मदत थांबली तर?"

एक म्हातारा म्हणाला, "जीप न्या म्हणावं. गोळ्या तेवढ्या ठिवा, आमी भूमला चालत येऊ."

हे इंग्रजीत सांगताना माझा आवाज पहिल्यांदाच कापला नाही. रहीमचाचा मात्र दिवसभर रुसले!

*

संध्याकाळी साहेब आमच्या डॉक्टरांना म्हणाले, "औषध पोचतं, ते पाहिलं. पण बऱ्या झालेल्या माणसाला लोक घरात घेतात का? ते दिसल्याशिवाय मी होकार देणार नाही." डॉक्टरांचा चेहरा उतरला. हे दाखवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी तेरखेड्यात पाटलांकडं जेवण. पहिल्या पाटावर साहेब, शेजारी किसन. हा गावाबाहेरच्या खोपटात राहायचा तेव्हा गोळ्या मीच न्यायची. रोग गेला, बोटं वाकडी राहिली. पाटलीणकाकू पोळ्या घेऊन आल्या आणि साहेबांना ओलांडून थेट किसनपुढं वाकल्या. मी घाईनं पुढं झाले.

"काकू, आधी साहेबांना!"

काकूंनी किसनच्या पोळीवर तुपाची धार धरली. मान वर न करता म्हणाल्या, "साहेबाला सांग पोरी, जरा थांबा म्हणावं. आमच्यात आदी जावयाला वाढत्यात."